टॅपेटचा आवाज

शारजाच्या सनाइयात, ऑगस्टात,
पाना उचलायचा तो फडक्यानं.
तिथं खलफाननं वडिलांची गाडी आणली,
आणली म्हणजे ट्रकवर घालून,
वर मऊ पांघरूण, दोरीला गाठ नाही, रिबिन.

सहा सिलिंडर, तीन कार्बुरेटर, नाक एवढं लांब
की चालवणारा जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो.
अकरा वर्षं एसीत. अकरा वर्षांत एकसष्ट किलोमीटर.
"उतारी," तो म्हणाला
(ओतारी त्याला कधी जमलं नाही),
"आम्ही चालवलीच नाही हिला. नव्यासारखी असणार."

मी काही बोललो नाही.
टाकीचं झाकण उघडलं
आणि वास त्याच्याकडे जाऊ दिला.

रबराचं एकेक सील पापडासारखं मोडलं.
चौथा पिस्टन भिंतीला धरून बसलेला.
तेल सोडलं, वाट बघितली,
शुक्रवार गेला, दुसरा शुक्रवार गेला,
मग पान्याला पाव वळसा,
जसं झोपलेलं माणूस कूस बदलतं, तेवढाच.

कुणीतरी सांगितलेलं, इंजिन जुनं, तेल जाड घाल.
ते जाड तेल मजल दरमजल करत वर पोचेतो
कॅम आपला कोरडाच घासतो.
कुणीतरी उन्हाला भिऊन थर्मोस्टॅट काढून फेकलेला.
अरे, तापायला नको कसं?
तापल्याशिवाय पिस्टन आपल्या मापाचा होत नाही.

आणि लाल रंग.
लाल गाडी जास्त पळते, असं गुलरेझ पेंटरही मानतो,
तो तर रंगाचेच पैसे घेतो.
बिजागरीमागं नखानं खरवडलं :
खाली राखाडी, पारव्याच्या पोटासारखा.
खलफान बराच वेळ तिथं बोट ठेवून उभा.
"बाबांच्या फोटोत अशीच होती," म्हणाला,
"मला वाटायचं, फोटोच ब्लॅक अँड व्हाइट आहे."

तीन कार्बुरेटर म्हणजे तिप्पट ताकद, हेही एक.
तीन भावांचं एक दुकान आहे ते.
नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेकाच्या तोंडाशी,
तिघांचा श्वास सारखा येईपर्यंत
अर्धा स्क्रू इकडं, पाव तिकडं. रात्रीचे अकरा.

शेवटी फीलर गेज काढला.
कोल्हापुरातून आणलेला, उद्यमनगरचा, आमच्या नानांचा.
बाराचं पातं केव्हाच मोडलेलं,
नाना पाच आणि सात एकत्र लावायचे,
मीही तेच लावतो.

चालू झाली तेव्हा सगळी सनाइया बघायला आली नाही.
बिजू आला, हातात चहा.
खलफान मात्र कान देऊन वाकला :
"टिक टिक येतंय. घट्ट कर ना. बंद कर तो आवाज."

नाना तेलइंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून
मूठ कानाशी धरायचे, डोळे मिटून,
आणि माझ्या टाळक्यावर टपली :
बोलतोय ना? मग बरा आहे.
घट्ट केलास की गप्प बसेल,
गप्प बसला की पुरता टेकणार नाही,
टेकला नाही की आपली धग कुणाला देणार नाही,
मग एक दिवस काठ जळून जाईल त्याचा
आणि तुला वाटेल, किती शांत चालत होतं इंजिन.

हे अरबीत मला नीट सांगता आलं नाही.
म्हटलं, "राहू दे. तब्येत चांगली आहे."

पहाटे मलेहाच्या रस्त्यानं तोच घेऊन गेला,
कडेला वाळू, मधे उंट, वरचा गिअर दोनदा चुकला.

रात्री फोन. आवाज दबका, घरात कुणी झोपलं असावं.
"उतारी, बंद केलीय तरी आतून टिक टिक येतंय."
"फोन बॉनेटवर ठेव," म्हटलं.
ठेवला त्यानं.
मी इथं खाटेवर, तिघांच्या खोलीत, पंख्याखाली,
निवणारं लोखंड ऐकत राहिलो.
एक. मग बऱ्याच वेळानं एक.

"काय करू?" त्यानं विचारलं.
काही नको.
फक्त ते पांघरूण आज घालू नकोस तिला.